पिठल्याची वीस मिनिटे

रात्रीचे जेवण अर्ध्या तासात कसे उरकावे, याविषयी गृहिणींना सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, दूरचित्रवाणीवरून आणि आता हातातल्या मोबाईलवरूनही हा सल्ला अखंड वाहत असतो. डाळ सकाळीच भिजवा, वाटण रविवारी करून ठेवा, कुकरमध्ये भात आणि वरण एकदमच लावा. यांतील बराचसा सल्ला उपयोगी आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील कष्टकरी कुटुंबाच्या बाजूने पाहू लागले, म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते. सल्लागार शेगडीवरच्या वीस मिनिटांचा हिशेब चोख मांडतो. शेगडीपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या दोन तासांविषयी तो मौन पाळतो.

पिठल्याचेच उदाहरण घेऊ. कांदा, मिरची, लसूण, फोडणी आणि पाण्यात कालवलेले बेसन. शेजारी भात शिजतो तोवर पिठले तयार. वीस मिनिटांत चार माणसांच्या पोटाची सोय होते, आणि डाळीच्या पिठामुळे ती पौष्टिकही होते. परंतु हरभऱ्याची डाळ निवडून, गिरणीतून दळून, डब्यात भरून ठेवलेली असेल, तरच हा स्वस्त आणि मस्त बेत वीस मिनिटांचा राहतो. दाण्याच्या कुटाची, मेतकुटाची, गोड्या मसाल्याची आणि उन्हाळ्यात घातलेल्या सांडग्यांची गोष्ट हीच. भांडवल म्हणजे साठवलेले श्रम, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवीत असू. त्या व्याख्येला फळीवर ओळीने मांडलेल्या डब्यांइतके चोख उदाहरण क्वचितच सापडेल. झटपट स्वयंपाक म्हणजे कुणीतरी, बहुधा कुणा स्त्रीने, आधी करून ठेवलेल्या कामाच्या ठेवीवर केलेली उचल होय. गावाकडची आई किंवा सासू ही ठेव पिशव्यांतून पाठवीत असते, तोवर शहरातील संसार निभावतो. ज्यांना ती पाठवणारे कुणी नाही, त्यांना पाव किलोच्या पुड्यांत, चढ्या दराने, तोच वेळ विकत घ्यावा लागतो.

हा वेळ आमच्या शास्त्राने फार काळ हिशेबात धरलाच नाही. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी पूर्वीच दाखविली होती. मार्गारेट रीड या अमेरिकन विदुषीने १९३४ मध्ये घरातील उत्पादनावर ग्रंथ लिहून एक साधी कसोटी दिली: जे काम मोबदला देऊन त्रयस्थाकडून करून घेता येते, ते उत्पादक श्रम समजावे. या कसोटीवर भाकरी थापणे हे मोटारीचा सुटा भाग घडविण्याइतकेच उत्पादक ठरते. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत असे आढळले की, घरातील विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ वर आला. कुकर, मिक्सर, गॅस आणि झटपट पाककृतींचा पूर येऊनही पाच वर्षांत सुटका झाली ती दहा मिनिटांची!

आता या पट्ट्याचा इतिहास पाहू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७२ मध्ये कामगारांना घरे मिळावीत या हेतूने नवनगर विकास प्राधिकरण आले. त्या पिढीतील मोठ्या कारखान्यांच्या कायम कामगाराला आठ तासांची पाळी आणि उपाहारगृहातले स्वस्त जेवण होते. पुष्कळांना कंपनीची बसही होती. २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची सक्ती करण्याचा अधिकार १९४८ च्या कारखाना कायद्याने राज्य सरकारांना दिला होता. या सोयी कुणाच्या औदार्यातून आल्या नाहीत. संघटनेच्या बळावर त्या मिळाल्या आणि टिकल्या. त्यांचा एक परिणाम मात्र क्वचित सांगितला जातो. कामगार वेळेवर घरी येई, आणि म्हणून संध्याकाळची चूल वेळेवर पेटे.

चाकणचा विस्तार झाला तो या शतकात, आणि तोवर कंत्राटी पद्धत रूढ झाली होती. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, महाळुंगे, कुरुळी या गावांत खोल्यांच्या रांगा उठल्या आणि त्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा येथून आलेली तरुण माणसे राहू लागली. चाकणचा कांद्या-बटाट्याचा बाजार जुना आणि नामांकित आहे. कांद्याच्या माहेरीच राहावयाचे आणि कांदा चिरण्यास मात्र उसंत नाही, अशी ही अवस्था! नाशिक रस्त्यावरच्या कोंडीत संध्याकाळचा तास सहज जातो. भाडेकराराचा कागद हाती नसल्याने गॅसची नेहमीची जोडणी मिळणे जिकिरीचे होते, म्हणून पाच किलोच्या लहान टाकीवर भागवावे लागते. पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात झाली आणि ती व्यवस्था पुढे वर्षानुवर्षे चालली. ज्या दिवशी पाणी यावयाचे, त्या दिवशी स्वयंपाकापूर्वी पिंपे भरणे आले. कोणत्या पाककृतीत ही मिनिटे धरलेली असतात?

अशा स्थितीत सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामासाठी कामगाराची संमती लागेल, असा दिलासा त्यासोबत दिला गेला. कंत्राटी कामगाराच्या संमतीला किती अर्थ असतो, हे वाचकांना सांगावयास नको. परंतु संमती खरी मानली तरी साधी बेरीज चुकत नाही. बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन तास, झोपेचे आठ. उरले दोन. त्यांत अंघोळ, पाणी, बाजार, स्वयंपाक, जेवण, भांडी आणि मुलाचा अभ्यास. आठवड्याची सरासरी हे कारखानदाराचे गणित आहे. भूक सरासरीने लागत नाही, ती रोज लागते. रविवारी मिळालेल्या सवडीचे जेवण बुधवारी रात्री पोटात पडत नाही.

या बेरजेत स्त्रीचे स्थान आणखी अवघड आहे, कारण तिच्या दोन पाळ्यांपैकी एकीचीच हजेरी लागते. येथे चाकणच्या खोल्यांतील एक व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. एका खोलीत राहणारी चार तरुण मुले स्वयंपाकाच्या पाळ्या लावतात. ज्याची दिवसपाळी, तो रात्रीची खिचडी लावतो; रात्रपाळीवाला सकाळी पोळ्या लाटतो. त्या गोल होत नाहीत, पण पोटाला चालतात. म्हणजे पुरुषाला स्वयंपाक येत नाही, हा समज येथे रोज खोटा ठरत आहे. हाच तरुण लग्न होताच ही विद्या एकाएकी कशी विसरतो, याचे उत्तर पाकशास्त्रात मिळणार नाही.

बाजाराने या अडचणीवर आपला तोडगा काढलाच आहे. वडापाव आणि नूडल्सच्या गाड्या चौकाचौकांत उभ्या आहेत; निगडी-चिंचवडच्या नोकरदार वस्त्यांत पोळी-भाजी केंद्रे चांगली चालतात. या केंद्रांनी अनेकींच्या संध्याकाळी हलक्या केल्या, याबद्दल त्यांचे ऋण मानावे. तथापि तेथे पोळीमागे ठरलेल्या दराने शेकडो पोळ्या लाटणारी बाई आपल्या घरी किती वाजता पोळी लाटते, हेही विचारले पाहिजे. एकीचा भार तिच्याहून गरीब असलेल्या दुसरीच्या खांद्यावर गेला, तर त्याला सुटका कसे म्हणावे?

दुसरा मार्ग आपल्याला अपरिचित नाही. मुंबईच्या गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना खाणावळवाल्या बायांनीच जगविले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने स्वस्त जेवणाची सार्वजनिक भोजनगृहे उघडली आणि त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. तेथे बसून जेवण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. दोन्हींत सद्हेतू होता. परंतु पहिली योजना अल्पायुषी ठरली आणि दुसरी आखली गेली ती दुपारच्या जेवणासाठी. पाळी सुटल्यावरची भूक सरकारी वेळापत्रकाबाहेरच राहिली.

म्हणून मागणी संध्याकाळची करावयास हवी. कारखान्याच्या उपाहारगृहाने पाळी सुटताना डाळ, भाजी, पोळ्या डब्यात भरून द्याव्यात, आणि कायम व कंत्राटी कामगारांना एकच दर असावा. महापालिकेने आणि चाकण परिसरातील ग्रामपंचायतींनी चौकाजवळ संध्याकाळची स्वयंपाकघरे उभारावीत; ती बचत गटांतील स्त्रियांनी चालवावीत, मात्र पोळीमागे दर न देता त्यांना तासांचे वेतन आणि भविष्य निर्वाह निधी द्यावा. कामगार संघटनांनी वेतनकराराच्या बोलणीत बसची वेळ हा विषय बोनसच्या शेजारी मांडावा. आणि बारा तासांच्या पाळीला विरोध करताना केवळ थकव्याचा नव्हे, तर विझलेल्या शेगडीचाही दाखला द्यावा.

याचा अर्थ घरचा स्वयंपाक संपावा असा नाही. पिठले-भात, मुगाची खिचडी, कांदा-बटाट्याचा रस्सा हे आपल्या कष्टकरी घरांचे शहाणपण आहे. ते टिकावे, मुलींइतकेच मुलांनाही शिकविले जावे. थकलेल्या माणसाने रात्री घरी येऊन फोडणी द्यावी ती हौसेने, आणि ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी चौकातून स्वच्छ, परवडणारे जेवण निःसंकोच घरी न्यावे. ही निवड आज ज्याच्याजवळ पैसा आहे, त्यालाच आहे. आठ तासांचा दिवस मागणाऱ्या पूर्वीच्या पिढ्यांनी उरलेले सोळा तास माणसाचे मानले होते. पिठल्याची वीस मिनिटे त्या सोळा तासांत मोडतात, आणि ती मागून घ्यावी लागतील.