भरवसा कुणाचा, भुर्दंड कुणाला?



सरकार आणि ठेकेदार यांच्यात विश्वास वाढला पाहिजे, असं शहाणी माणसं सांगतात. वाढवा की! आमचं काय जातं? जातं, म्हणूनच लिहितोय.

माझा बाप झाडूखात्यात कायम होता. हजेरी चौकीवर नाव पुकारलं की त्याचा दिवस सुरू व्हायचा. मी त्याच चौकीवर ठेक्यानं लागलो. कचरा तोच, झाडू तोच. माझं नाव तेवढं पालिकेच्या रजिस्टरात नव्हतं. तीन महिने पगार नाही. ठेकेदार म्हणायचा, बिल पास झालं नाही. सायब म्हणायचा, तू आमचा माणूस नाहीस.

गंमत बघा. सरकारचा ठेकेदारावर भरवसा नाही, म्हणून ते बयाणा घेतं, अनामत ठेवतं. ठेकेदाराचा सरकारवर भरवसा नाही, बिल कधी निघेल ठाऊक नाही, म्हणून तो आधीच आमच्या मजुरीवर हात मारतो. त्यात टेंडर मिळणार सगळ्यात कमी दरवाल्याला. डिझेल स्वस्त होत नाही, गाडी स्वस्त होत नाही. स्वस्त होतो माणूस. कुठल्या जातीचा, हे सांगायला हवं काय?

2006 चा कायदा म्हणतो, लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्या, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज भरा. माझ्या थकल्या पगाराला व्याज कुणी लावलं? 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी केली, पालिकेला आणि ठेकेदारालाही. तरी माणसं मरत राहिली. 2023 साली सुप्रीम कोर्टानं मृत्यूची भरपाई 30 लाख केली. मुंबईच्या 2700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी 2017 पर्यंत त्याच कोर्टात झगडावं लागलं.

माझं म्हणणं सरळ आहे. टेंडरात मजुरीचा आकडा वेगळा दाखवा, त्यावर बोली नको. हजेरीपट चौकीच्या भिंतीवर लावा. ठेकेदाराचं बिल तारखेला द्या. त्यानं पगार बुडवला तर पालिकेनं तो थेट आमच्या खात्यात टाकावा आणि त्याच्या अनामतीतून वळता करावा.

दोघांनी बंद खोलीत हात मिळवले तर आम्ही त्याला संगनमत म्हणू. कागद आमच्यासमोर मोठ्यानं वाचा. मग भरवशाचं बोलू.

जय भीम!