न्यायालय म्हणते, प्रश्न राजकीय आहे

अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर, चुकची समुद्र आणि खाजण यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या बेटावर किवलिना हे इनुपियात आदिवासींचे गाव आहे. वस्ती सुमारे चारशे. त्यांचे पूर्वज सील, देवमासा आणि कॅरिबू हरणे यांच्या मागे ऋतुमानाप्रमाणे फिरत. हे बेट त्यांचा केवळ हंगामी तळ होता. १९०५ साली अमेरिकन सरकारने तेथे शाळा बांधली आणि शाळेच्या निमित्ताने त्यांना तेथेच कायमचे वसायला लावले.

पूर्वी शरद ऋतूत किनाऱ्याला बर्फाचा कठडा धरत असे आणि वादळी लाटा त्यावर फुटत. तापमानवाढीमुळे आता बर्फ उशिरा धरतो आणि लाटा थेट किनाराच ओढून नेतात. १९९२ सालीच ग्रामस्थांनी मतदान करून स्थलांतराचा कौल दिला. सरकारी यंत्रणांनी खर्चाचा अंदाज केला तो साडेनऊ कोटी ते चाळीस कोटी डॉलर. चारशे माणसांनी तो कोठून आणावा?

२००८ साली गावाने एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन, बीपी यांच्यासह तेल, कोळसा व वीज क्षेत्रांतील बड्या कंपन्यांवर भरपाईचा दावा लावला. २००९ साली न्यायालयाने तो फेटाळला. प्रश्न राजकीय आहे आणि नुकसानीचा संबंध विशिष्ट कंपन्यांशी जोडता येत नाही, असे कारण दिले. २०१२ साली अपील फेटाळले गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासही नकार दिला.

तेल तर सारेच जाळतात, मग कंपन्यांनाच दोष का, असे विचारले जाते. पण सारेच दोषी म्हटले की कोणीच दोषी उरत नाही. दिव्यापुरते तेल जाळणारा शिकारी आणि त्या तेलावर अब्जावधींचा नफा कमावणारी कंपनी यांना एकाच पारड्यात बसवणे हा कोणता न्याय?

धरणग्रस्तांच्या लढ्यात उतरलेल्या कार्यकर्त्याला यातील मेख सहज उमगेल. धरणामागे सरकार उभे असते, म्हणून त्याला जाब विचारता येतो. १९७६ साली महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला, तो जबाबदार कोण हे ठाऊक होते म्हणून. समुद्राने गिळलेल्या गावाला मात्र प्रतिवादीच नाही.

२०२० साली किवलिनाहून मुख्य भूमीकडे जाणारा, संकटकाळी सुटकेचा रस्ता झाला. २०२२ साली त्या रस्त्याच्या टोकाला शाळा उघडली. गाव अजून बेटावरच आहे. शाळेने ज्यांना बेटावर आणले, त्यांची शाळा तेवढी बाहेर पडली!

प्रश्न राजकीय आहे हे न्यायालयाचे म्हणणे आपण मान्य करू. मग त्याचे उत्तरही राजकारणानेच द्यायला हवे. नफा ज्यांनी घेतला त्यांच्यावर कर बसवून गावे अखंड हलवावीत, आणि कोठे व केव्हा जायचे हे गावानेच ठरवावे. ही मागणी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर आली पाहिजे. उद्या ज्या गावांच्या दारात समुद्र येईल, त्यांना निदान जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असेल.