कराचा प्रश्न आणि नगराध्यक्षपदाचा उमेदवार

महाराष्ट्रांतील नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्यें एकदांच्या पार पडल्या. बहुतेक ठिकाणीं पूर्वीची निवडणूक २०१६ सालच्या अखेरीस झालेली होती. पांच वर्षांची मुदत संपल्यावर लोकनियुक्त सभासद घरीं गेले व त्यांच्या जागीं सरकारी प्रशासक बसला, तो कित्येक वर्षें उठला नाहीं. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक झालीच पाहिजे, असें ७४ व्या घटनादुरुस्तीनें १९९२ सालींच सांगितलें असतांही सर्वोच्च न्यायालयास ६ मे २०२५ रोजीं आज्ञा द्यावी लागली. या काळांत कर मात्र एक दिवसही थांबला नाहीं. लोकांनीं द्यावें व लोकांस विचारूं नये, हा प्रकार निजामाच्या अमलाखालीं १९४८ पर्यंत राहिलेल्या वसमतसारख्या गांवास नवा नाहीं. पण स्वराज्यांत तो शोभत नाहीं.

असो. आमचा आजचा मुद्दा निराळा आहे. नगराध्यक्ष थेट लोकांनीं निवडावयाचा असल्यामुळें उमेदवाराचीं मतें काय आहेत, हें पाहणें मतदाराचें कर्तव्य झालें आहे. करांविषयीं उमेदवारांची भाषा दोन प्रकारची असते. एक म्हणतो, "घरपट्टी वाढूं देणार नाहीं." दुसरा म्हणतो, "मुंबईहून निधि खेंचून आणीन." दोन्ही वाक्यांवर टाळ्या पडतात, पण दोन्ही वाक्यें एकाच परावलंबनाचीं दोन रूपें आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या व्यापारी वाचकांनीं नगरपरिषदेची खातेवही आपल्या दुकानाच्या वहीप्रमाणें वाचून पाहावी. १९९९ सालीं नगरपरिषदांची जकात उठली. नाक्यावरचा खोळंबा व त्याबरोबरची चिरीमिरी गेली, हें उत्तमच झालें. परंतु गांवाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा झराही त्याबरोबर आटला आणि त्याच्या जागीं सरकारचें अनुदान आलें. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण हळदीच्या गाड्या गांवांत येतात तेव्हां बाजार-फी कृषि उत्पन्न बाजार समितीकडे जाते, वस्तु व सेवा कर राज्य व केंद्र सरकार वांटून घेतें, आणि गांवाच्या वांट्यास येते ती रस्त्यावरची धूळ व खड्डे. ते बुजविण्यास नगरपरिषदेच्या हातीं स्वतःचें असें मुख्य साधन एकच उरतें, तें म्हणजे मालमत्ता कर.

तेव्हां जो उमेदवार हा कर वाढूं देणार नाहीं म्हणतो, त्यानें नळाचें पाणी, दिवे व झाडलोट यांचा खर्च कोठून भागविणार, हेंही त्याच सभेंत सांगितलें पाहिजे. सरकार देईल, असें तो म्हणेल, तर पंधराव्या वित्त आयोगानें काय अट घातली तीही त्यानें वाचावी. मालमत्ता कराचे किमान दर ठरवा, वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या मानानें वाढवा, मग अनुदान मागा, अशी ती अट आहे. म्हणजे दाता स्वतःच म्हणतो कीं, आधीं स्वतः कांहीं मिळवा. शिवाय ज्याच्या हातीं ससा तो पारधी. मुंबईच्या पैशानें बांधलेला रस्ता कोठून जावा, हें मुंबईच ठरवील. मुख्याधिकारी सरकारचा, पैसाही सरकारचा, मग नगराध्यक्षाचें काय राहिलें? फक्त उद्घाटनाची फीत!

याचा अर्थ कर वाढवा, असा नव्हे. आधीं कर सारखा बसवा, एवढेंच आमचें म्हणणें. दर चार वर्षांनीं व्हावयाची फेरआकारणी मतांच्या भयानें लांबविली म्हणजे तिचा लाभ, जुन्या आकारणीवर नवे मजले चढविणारास होतो, पत्र्याच्या घरांत राहणारास होत नाहीं. थकबाकीवर दरमहा शेंकडा २ शास्ती आहे. पण मोठा थकबाकीदार अभय योजनेची वाट पाहत स्वस्थ बसतो आणि वेळेवर पैसे भरणारा गरीब मूर्ख ठरतो. हा अन्याय दूर केला, तर दर न वाढवितांही पेटींत भर पडेल.

महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतां, १८८० सालीं व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. त्यास विरोध करणारे ते एकटे होते. करदात्याचा पैसा शोभेसाठीं नाहीं, हें सांगण्यास बहुमत लागत नाहीं. पाठीचा कणा लागतो.

आतां निवडून आलेल्यांस व पुढें उभे राहणारांस मतदारांनीं तीन प्रश्न विचारावे. फेरआकारणी केव्हां करणार? सर्वांत मोठ्या थकबाकीदारांचीं नांवें चावडीवर लावणार काय? आणि वर्षाचा जमाखर्च लोकांस समजेल अशा मराठींत छापून देणार काय? या तिहींस जो सरळ उत्तर देईल, त्यानें कर मागावा. आम्ही तो भरूं, व वाचकांसही भरण्यास सांगूं. जो उत्तर टाळील, त्याचें करमाफीचें वचन बिनतारखेच्या हुंडीसारखें आहे. आणि तसली हुंडी कोणताही व्यापारी स्वीकारीत नाहीं.