इंदूरचे कॉफीगृह

देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांच्या समाधीच्या दर्शनास जाणारे आपले बहुतेक यात्रेकरू इंदूरवरूनच जातात. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. दोहोंच्या वाटा या एकाच शहरात येऊन मिळतात. आम्हीही मध्यंतरी त्याच वाटेने गेलो, आणि पुढच्या मोटारीस अवकाश असल्यामुळे तेथील इंडियन कॉफी हाउसमध्ये जाऊन बसलो. दारावर झगमगाट नाही, गाणी नाहीत; शेजारच्या दिमाखदार दुकानांमुळे माणूस त्यावरून सहज पुढे निघून जाईल. आत मात्र पांढरा पोशाख आणि तुरेदार पगडी घातलेले सेवक, साधी मेजे, आणि एका पेल्यावर तास तास बसलेली वृद्ध मंडळी.

कुटुंबपत्रात उपाहारगृहाचे काय प्रयोजन, असे वाचक विचारतील. कॉफीचे आपल्याला तसे वावडे नाही. मराठी घरांतून जायफळ घातलेली कॉफी पाहुण्यांसाठी वा उपवासासाठी ठरलेली असते. हे पेय मुसलमानांचे म्हणून त्यावर बंदी घालावी, अशी मागणी झाली असता आठवे क्लेमेंट पोपमहाशयांनी (१५९२-१६०५) ते चाखून पाहिले व त्यास आशीर्वाद दिला, अशी आख्यायिकाही आहे. ती खरी मानण्याची सक्ती कोणावर नाही. पण चाखून मग निकाल देण्याची रीत आम्हांस आवडते.

आमचे लक्ष वेधले ते मात्र निराळ्याच गोष्टीने. या गृहाचा मालक कोण, असे आम्ही पेला आणून देणाऱ्या सेवकास विचारले. तो हसून म्हणाला, "आम्हीच की, साहेब!"

ही थट्टा नव्हती. कॉफीचा खप वाढावा म्हणून १९३६ साली मुंबईस चर्चगेटजवळ असे पहिले गृह उघडले गेले. पुढे कॉफी बोर्डाने ती देशभर चालविली, आणि १९५० नंतरच्या दशकात ती बंद करण्याचे ठरविले. शेकडो कामगारांच्या पोटावर पाय येण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी आपसांत भाग घेऊन सहकारी संस्था स्थापिल्या. पहिली १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला निघाली आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी दिल्लीस या कामगारांचे पहिले कॉफी हाउस सुरू झाले. तेथे नफा कोणा शेठजीच्या तिजोरीत जात नाही. सेवक तोच भागधारक असतो.

या कामी कामगारांना पुढे घालणारे पुढारी ए. के. गोपालन हे साम्यवादी होते, हे आम्ही लपवीत नाही. साम्यवादाच्या निरीश्वर मताशी आपला मेळ बसणे नाही. तथापि कामगारांस आपले संघ स्थापण्याचा अधिकार आहे, हे तेरावे लिओ पोपमहाशयांनी १८९१ सालीच 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात सांगून ठेविले होते, आणि तेविसावे जॉन पोपमहाशयांनी १९६१ साली सहकारी संस्थांची मुक्तकंठाने भलावण केली. चांगले काम दुसऱ्याने आधी केले म्हणून ते वाईट ठरत नाही. शिवाय वसईच्या ख्रिस्ती मंडळींनी आपली बसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालीच काढली होती. तेव्हा आपणही अगदीच मागे नव्हतो.

सिस्टर राणी मारियांचे कार्यही याच जातीचे होते. उदयनगरच्या परिसरातील आदिवासी सावकाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या बुडालेले होते. सिस्टरांनी त्यांना एकत्र आणले, बचतीची सवय लाविली, त्यांचे हक्क समजावून दिले. ज्यांचे व्याज बुडू लागले त्यांना हे रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या मोटारीत, सहप्रवाशांच्या देखत, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांचा वध केला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

आपल्या खेड्यांतील कित्येक मुले आज शहरांच्या उपाहारगृहांतून कपबश्या विसळीत आहेत. ती नाताळाला घरी येतील तेव्हा आईबापांनी त्यांस नव्या कपड्यांविषयी तर विचारावेच. पण पगार कोणत्या तारखेस हाती पडतो, त्याची पावती मिळते काय, रविवारच्या मिस्सेस सुटी मिळते काय, आणि एकाच ठिकाणी काम करणारी ही पोरे महिन्याला दहा-वीस रुपये एकत्र ठेवतात की नाही, हेही विचारावे.