कंपन्या बिडकीनला आल्या, पण आपली पोरं हेल्परच्या पुढं जाणार कशी?

हर्सूल | विशेष विश्लेषण

शेंद्रा आणि बिडकीन ही नावं आता जिल्ह्यात घरोघरी माहिती झाली आहेत. जून २०२४ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर कंपनीनं बिडकीनला कारखाना टाकायचं ठरवलं. गुंतवणूक २ हजार कोटींच्या घरात आणि सुमारे ४ हजार रोजगार, असं तेव्हा जाहीर झालं. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारसोबत सामंजस्य करार केला, तो सुमारे २० हजार कोटींचा. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं.

तेव्हापासून हर्सूल, सावंगी, पिसादेवी, जटवाडा, तिकडं फुलंब्रीपर्यंत पारावर एकच विषय असतो. आपल्या पोरांना काम लागणार का? लागलं तर कोणतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कारखाना चालू झाला की माणसं लागतातच. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली, तेव्हाही लागली. खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. गेटवर ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागायचं आणि दहा वर्षांनी हेल्परच राहायचं, की आत जाऊन टेक्निशियन, लाइन लीडर, सुपरवायझर व्हायचं? हा फरक नुसत्या सर्टिफिकेटनं पडत नाही. तो कामावर डोकं किती चालतं यावर पडतो. मोठ्या कंपन्या त्याला 'सर्जनशील विचार' म्हणतात.

कुठं वाढणार, कुठं आटणार

जागतिक आर्थिक मंचानं जानेवारी २०२५ मध्ये नोकऱ्यांच्या भविष्यावर अहवाल काढला. जगभरातल्या हजाराहून जास्त कंपन्यांना विचारून तो तयार केला आहे. त्यांच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगात १७ कोटी नव्या नोकऱ्या तयार होतील आणि ९ कोटी २० लाख जातील. आज कामाला लागणाऱ्या कौशल्यांपैकी ३९ टक्के तोवर बदललेली किंवा जुनी झालेली असतील.

आपल्या कामाची गोष्ट त्याच्या पुढं आहे. आकड्यानं सगळ्यात जास्त वाढणाऱ्या कामांत शेतात राबणारी माणसं पहिल्या नंबरवर आहेत. डिलिव्हरीवाले, बांधकामावरचे कामगार हेही वाढणार आहेत. वेगानं वाढणारी दुसरी कामं म्हणजे एआय, सॉफ्टवेअर, इलेक्ट्रिक गाड्या आणि अक्षय ऊर्जा यांतली. आणि आटणार काय? डाटा एन्ट्री, कॅशियर, बँकेतला काउंटरवरचा क्लार्क, ऑफिसातलं कागद हलवायचं काम.

म्हणजे बघा, वाढ दोन टोकांना आहे आणि मधला भाग ओसरतोय. आपल्या गावातली बरीचशी पोरं नेमकी त्या मधल्या भागाकडं डोळे लावून बसलेली असतात. बी.ए. करायचं, टायपिंग करायचं, एमएस-सीआयटी करायचं आणि कुठंतरी कॉम्प्युटरवर बसायचं. हे कोर्स वाईट नाहीत, ते शिकलंच पाहिजे. पण 'इकडचं बघून तिकडं टाइप करायचं' एवढ्यावर पुढची तीस वर्षं निघणार नाहीत. ते काम आता मशीन करायला लागलंय.

याच अहवालात कंपन्यांना विचारलं होतं की आज माणसात कोणता गुण हवा. पहिला नंबर विश्लेषणाचा, म्हणजे अडचण सुटी करून बघता येणं. सर्जनशील विचार चौथ्या नंबरवर. आधीच्या, म्हणजे २०२३ च्या अहवालात तो दुसरा होता. नंबर खालीवर होतील, पण दोन्ही वेळा तो वरच्या चारात आहे.

'सर्जनशील' म्हणजे नेमकं काय?

हा शब्द ऐकला की आपल्याला चित्रकार किंवा कवी आठवतो. कामाच्या ठिकाणी त्याचा अर्थ साधा आहे. अडचण आली की नेहमीची वाट सोडून दुसरी सापडते का, आणि ती करून बघून टिकते का.

एक रोजचं उदाहरण घेऊ. विहिरीवरची मोटार जळाली. आपण काय करतो? मोटार काढायची, रिवाइंडिंगला टाकायची, पैसे मोजायचे, परत बसवायची. महिन्या-दोन महिन्यांनी परत जळते. आता तिथंच थांबून विचारत जाऊ.

मोटार का जळाली? लोड आला म्हणून. लोड का आला? पंपाच्या पंख्यात खडे-कचरा अडकला म्हणून. कचरा आत कसा गेला? फुटव्हॉल्व्हची जाळी फाटलेली होती. जाळी का फाटली? उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा पाइप खाली सोडला आणि जाळी खडकावर घासली. मग आधी कुणाला कळलं कसं नाही? कारण पाऊस लागल्यावर जाळी वर काढून बघायची पद्धतच नाही.

पाच वेळा 'का' विचारलं आणि खर्च रिवाइंडिंगवरून एका जाळीवर आला. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला हेच शिकवतात, 'पाच वेळा का विचार' म्हणून. ताइची ओनो नावाच्या त्यांच्या अभियंत्यानं ही पद्धत जगभर गाजवली. मशीन बंद पडलं की फ्यूज बदलून मोकळं व्हायचं नाही, फ्यूज का उडाला याच्या मुळाशी जायचं.

मागातून निघालेली मोटार

आपल्या जिल्ह्याशी करार केलेल्या या कंपनीचं मूळ मोटारीत नाही, हातमागात आहे. साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. घरी मागावर विणकाम करणाऱ्या आईचे कष्ट तो बघायचा. १८९१ मध्ये त्यानं सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं. पुढं १९२४ पर्यंत त्यानं आणि त्याच्या मुलानं स्वयंचलित माग तयार केला. धागा तुटला की हा माग आपोआप थांबायचा, त्यामुळं एका माणसाला बरेच माग सांभाळता यायचे. १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले. मुलगा किइचिरो मोटारीच्या मागं लागला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली.

बिडकीन हे पैठण तालुक्यातलं गाव. पैठणच्या मागावर पैठणी विणणारे हात आजही आहेत, शहरात हिमरू विणणारे आहेत. हाताला अक्कल आपल्याकडंही कमी नव्हती. टोयोडानं फरक केला तो एवढाच की काम करताना सुचलेली गोष्ट सोडून दिली नाही. ती करून बघितली, सुधारली, तिचं पेटंट घेतलं.

याच कंपनीनं १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना मागवायची योजना सुरू केली. लाइनवरचा कामगार सुचवतो की हे टेबल एवढं उंच करा, हा नट इथं ठेवा, म्हणजे वाकावं लागणार नाही. सूचना छोटी असली तरी ती लिहून घेतात, तपासतात, बक्षीस देतात. आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांतही 'कायझेन' नावानं हे चालतं. वाळूज-चिकलठाण्याला कामाला असणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. कायझेनचा कागद भरणारा कामगार साहेबाच्या नजरेत येतो, हेही त्यांना माहिती आहे.

पाणी हर्सूलचं, डोकं आपल्याच मातीतलं

लांब जपानला जायची गरज नाही. शहरात पर्यटक पाणचक्की बघायला येतात. तिथलं पाणी हर्सूल-जटवाड्याच्या बाजूनं येतं. काही मैलांवरून जमिनीखालच्या खापरी नळातून ते आणलं आणि उंचावरून पाडून त्याच्यावर जातं फिरवलं. बैल नाही, सरपण नाही. दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ निघायचं. त्याआधी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं नहर-ए-अंबरी काढून शहराला पाणी दिलं, तेही जमिनीचा उतार ओळखून. तेव्हा कुणाकडं लेव्हल मोजायचं आजचं यंत्र नव्हतं.

अगदी अलीकडचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्याचं. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचं शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन थोडी. १९८३ मध्ये त्यांना धानाच्या शेतात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या कापून सुपात टाकल्या असत्या. दादाजींनी त्यांचं बी वेगळं ठेवलं, थोड्या जागेत लावलं, वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून 'एचएमटी' नावाचं बारीक तांदळाचं वाण निघालं. नाव त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून दिलं. ते वाण अनेक राज्यांत पसरलं. पुढं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा गौरव केला. पण वाणाचं श्रेय आणि पैसा यासाठी त्यांना झगडावं लागलं. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, निरीक्षणाला डिग्री लागत नाही. दुसरी, सुचलेलं लिहून ठेवलं नाही आणि नोंदवलं नाही तर फायदा दुसऱ्याच्या पदरात जातो. शेतकऱ्याला स्वतःचं वाण आपल्या नावावर नोंदवता येतं, २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात तशी सोय आहे.

मग अडतंय कुठं?

पहिली अडचण शाळेत. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की मार्क पूर्ण. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर मास्तर विचारात पडतात. वर्गात जास्त प्रश्न विचारणारं लेकरू 'आगाऊ' ठरतं. घरीही तेच, 'गप बस, मोठ्यांमध्ये बोलू नको.' अठरा वर्षं गप बसवलेलं पोरगं कंपनीत गेल्यावर सूचना कुठून देणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाठांतरापेक्षा विचार करण्यावर भर द्या असं लिहिलंय. पेपर तपासण्याची पद्धत बदलेपर्यंत ते वर्गात उतरणार नाही.

दुसरी अडचण पायाची आहे. 'असर' या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या २८ जिल्ह्यांतली ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. चारातल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीचा धडा धड वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं निम्म्यांनाही जमलं नाही. आणि त्यांच्यापैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता. वाचता येत नसेल, हिशोब जमत नसेल, तर नवीन कल्पना सुचूनही ती मांडता येत नाही. म्हणून 'सर्जनशीलता' म्हणत गणित-वाचन सोडायचं, असा अर्थ कुणी काढू नये.

तिसरी अडचण सगळ्यात खरी. गरिबाला प्रयोग परवडत नाही. शहरातल्या पोराचा प्रयोग फसला तर बाप सावरून घेतो, आपल्याकडं सीझनच जातो. कामावरही तसंच. ठेक्यावरच्या पोरानं 'साहेब, हे असं करून बघू का' म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणायलाही कुणी कमी करत नाही. त्यामुळं नुसतं पोरांनाच 'डोकं चालवा' सांगून भागणार नाही. जमिनी ज्या गावांच्या गेल्या, तिथल्या पोरांना शिकून वर चढायची शिडी देणं कंपन्यांचं आणि सरकारचंही काम आहे. गावानं रोजगाराचा आकडा विचारताना त्यातले कायम किती, ठेक्यावरचे किती आणि ट्रेनिंग कुणाला, हेही विचारलं पाहिजे.

आता करायचं काय?

*शेतकऱ्यानं :* अख्ख्या वावरात प्रयोग करू नका. एक गुंठा किंवा दोन सऱ्या बाजूला ठेवा. तिथं आल्याचं बेणं वेगळ्या अंतरावर लावा, मक्याला खत वेगळ्या वेळी द्या. तारीख, खर्च, वजन वहीत लिहा. फसलं तर एक गुंठाच जाईल.

*आयटीआय-डिप्लोमावाल्या पोरांनी :* मुलाखतीत 'मी मेहनती आहे' सगळेच म्हणतात. त्याऐवजी तुम्ही कोणती अडचण कशी सोडवली ते सांगा. घरच्या फवारणी पंपाची दुरुस्ती असली तरी चालेल. मोबाइलमध्ये आधीचा आणि नंतरचा फोटो ठेवा. ॲप्रेंटिसशिपला लागलात तर रोज एक गोष्ट टिपा जी आणखी सोपी होऊ शकते.

*मोबाइलवर एआय वापरणाऱ्यांनी :* त्याच्याकडून निबंध लिहून घेतला तर डोकं त्याचं चाललं, आपलं नाही. आधी स्वतः उत्तर काढा, मग त्याला विचारा की यात चूक कुठं आहे. त्यानं सांगितलेलंही तपासा, कारण ते ठासून चुकीचं सांगतं.

*आईबापांनी :* लेकरानं 'का' विचारलं आणि उत्तर माहिती नसलं, तर 'चल, शोधू' म्हणा. पोरीच्या 'का'लाही तेवढाच मान द्या. बिडकीन-शेंद्र्याच्या नोकऱ्या तिच्यासाठीही आहेत.

*शाळा व्यवस्थापन समितीनं :* २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये पाच वर्षांत सरकारी शाळांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारायचं जाहीर झालं. त्यात मुलं हातानं यंत्रं, सर्किट बनवून बघतात. आपल्या शाळेसाठी मागणी केली का, हे पुढच्या बैठकीत विचारा आणि ठरावात घ्या.

*धंद्याची कल्पना असणाऱ्यांनी :* सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटनेनं 'मॅजिक' नावाची संस्था नवउद्योजकांसाठीच काढली आहे. कल्पना वहीत मांडून तिथं जाऊन बोला.

कारखान्यांच्या भिंती चढायला अजून वेळ आहे. आज नववी-दहावीत असलेलं पोरगं त्या गेटवर उभं राहील तेव्हा त्याच्यासोबत डिग्रीची फाइल असेलच. तोवर त्याला 'का' विचारायची आणि करून बघायची सवय लागली, तर ते पोरगं हेल्परच्या रांगेत फार दिवस राहणार नाही. ती सवय लावायला कंपनीची वाट बघायची गरज नाही, घरातली बंद पडलेली मोटार पुरते.