चेटकिणीची भीती की वाचणाऱ्या मुलीची?

पुस्तकाला हरकत घ्यायची तर आधी ते वाचावे लागते, हा रिवाज आपल्या समाजात अजून पडलेला नाही. आपल्याला मुखपृष्ठ पुरते. त्यावर टोकदार काळी टोपी, झाडू आणि काळे मांजर दिसले की निकाल तयार : जादूटोण्याचे पुस्तक आहे, मुलींच्या हाती नको.

उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हा निकाल अलीकडे वारंवार ऐकावा लागतो. आमच्या नववी-दहावीच्या काही मुली धडपडत का होईना, इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचू लागल्या आहेत. कोणी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणते, कोणी भावाच्या मोबाइलवर वाचते. त्यांत त्यांना एक प्रकार फार आवडतो. एक तरुण मुलगी, आपण चेटकीण आहोत हे तिला नुकतेच कळलेले, विद्या अर्धवट आणि गावात एक खून. इंग्रजीत अशा कथांना ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. कोझी म्हणजे उबदार, रजई पांघरून वाचावी अशी. असेच एक पुस्तक एका मुलीच्या दप्तरात सापडले, तेव्हा ते जप्त झाले, तिच्या वालिदांना बोलावणे गेले आणि तिला वर्गासमोर तौबा करायला लावली गेली. त्या पुस्तकाचे एकही पान शिक्षकांच्या खोलीत कोणी उलटले नव्हते.

आम्ही ते उलटले. म्हणून आज त्याबद्दल बोलण्याचा हक्क मागतो.

बेली केट्स या लेखिकेची ‘मॅजिकल बेकरी’ मालिका 2012 साली सुरू झाली. केटी लाइटफूट ही तिची नायिका. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सव्हाना नावाचे जुने शहर आहे. तिथे केटीची मावशी लूसी आणि तिचे यजमान बेन, म्हणजे आपल्या भाषेत खाला आणि खालू, एक बेकरी काढतात आणि केटी त्यांच्या मदतीला येते. आपल्या घराण्यात ही विद्या पिढ्यान्पिढ्या आहे, हे तिला तिथे गेल्यावर कळते. मावशीच्या मैत्रिणींचे एक वाचन मंडळ असते. वरून वाचन मंडळ, आतून चेटकिणींचा मेळावा! पुढे एका खष्ट म्हातारीचा खून होतो, पोलिसांचा संशय खालूंवर जातो आणि भाची त्यांना सोडवायला कंबर कसते. दुसरी मालिका नॅन्सी वॉरेन यांची, 2018 पासूनची. तिच्यात लूसी स्विफ्ट नावाच्या मुलीकडे ऑक्सफर्डमधील आजीचे लोकरीचे दुकान येते. तिला धड विणता येत नाही, धड मंत्र म्हणता येत नाही. एक टाका सुटतो, तसा एक मंत्र फसतो.

आता सांगा, यात ईमान बिघडवणारे काय आहे? या कथांत रक्ताचा सडा नसतो, चावट प्रसंग नसतात, शिवीगाळ नसते. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनी 1930 च्या ‘मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’मध्ये मिस मार्पलला पहिल्या प्रथम कादंबरीत आणले. विणकाम करणारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर बारीक नजर ठेवणारी ही म्हातारी या सगळ्या नायिकांची नानी. बाईला घरात, दुकानात, चुलीपाशी बसून जे दिसते ते ठाणेदाराला दिसत नाही, हा या प्रकाराचा पाया आहे. जादू त्यावरचा मुलामा.

आणि या मुलाम्याचा एक कायदा आहे. आमच्या विरोधकांना तो ठाऊक असता तर त्यांनी पुस्तक जप्त करण्याऐवजी वाटले असते. जादूने खुनी सापडून चालत नाही. मंत्र म्हटला आणि गुन्हेगाराचे नाव कळले, असे लेखिकेने केले तर वाचक पुस्तक फेकून देतात. केटीला स्वप्न पडो, अंगावर काटा येवो, तेवढ्यावर कोणी पकडले जात नाही. कोण कुठे होते, कोणाची कोणाशी अदावत होती, किल्ली कोणाकडे होती, हे तिला विचारत फिरावे लागते. चेटकिणीलासुद्धा पुरावा द्यावा लागतो!

हा कायदा किती मोलाचा आहे ते कळायला 1692 सालच्या सेलमकडे पाहावे लागेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील या वसाहतीत चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसे फासावर गेली, त्यांत बहुतेक बायका. एक म्हातारा अंगावर धोंडे रचून मारला गेला आणि काहीजण तुरुंगातच वारले. पुरावा काय होता? ‘हिची आकृती माझ्या खोलीत आली आणि तिने मला छळले’, असे कोणी सांगायचे. ती आकृती दुसऱ्या कोणाला दिसत नव्हती. न्यायालयाने तो पुरावा मानला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते न्यायालय बरखास्त केले, पण गेलेले जीव परत आले नाहीत. त्याच देशातल्या लेखिका आज चेटकिणीलाच तपासाला लावतात आणि तिच्याकडून अदृश्याऐवजी दृश्य पुरावा मागतात. हा केवळ करमणुकीचा फरक आहे काय?

सेलम दूर आहे म्हणावे तर घर जवळ आहे. बिहारला 1999 साली आणि झारखंडला 2001 साली डायन प्रथेविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्या नंदुरबारकडे डाकीण ठरवून बायकांना छळल्याच्या कहाण्या जुन्या नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. तो कायदा सर्व धर्मांच्या भोंदूंना लागू आहे. त्याचा रोख फसवणुकीवर आणि अमानुष छळावर आहे. गोष्ट वाचणाऱ्या मुलीवर नाही.

आणि आपल्या मोहल्ल्यात काय चालते? मुलीचे पुस्तक जप्त करणारे घर तिचा रिश्ता जमला नाही की कोणाकडे धावते? लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या बाबा बंगालींच्या जाहिराती कोणी पाहिल्या नाहीत? सौतनसे छुटकारा, कारोबारमें बरकत, चोवीस तासांत काम. मुलीला मिरगीचा झटका आला तर तिला डॉक्टरकडे नेण्याआधी आमिलकडे नेतात, तो तिच्यावर सावली पडल्याचे सांगतो आणि पाच हजार घेतो. तिथे पुरावा कोणी मागत नाही. केटी लाइटफूट पावाचे पैसे घेते, मंत्राचे घेत नाही. या दोघांत जादूचा धंदा कोण करतो, हे वाचकहो, तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, सिहर हराम आहे. बेशक आहे, आम्ही त्यावर वाद घालत नाही. पण सिहर करणे वेगळे आणि सिहराची गोष्ट वाचणे वेगळे. हारूत-मारूतचा उल्लेख सूरह बकरामध्ये आहे, तो वाचून कोणी जादूगार होत नाही.

शिवाय आपली अदबी परंपरा काय सांगते? लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून ‘तिलिस्मे होशरुबा’ छापली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. पाने हजारोंनी, आणि पानापानावर जादूगर आणि जादूगरनी. अफरासियाबचे राज्य जादूवर चालते आणि त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत माहरुख आणि बहारसारख्या जादूगरनी आहेत. आपले बुजुर्ग हे ऐकत वाढले आणि पाच वक्त नमाजही पढत राहिले. ‘अम्र अय्यारची जंबील’ ही आजही उर्दूत म्हण आहे.

मग आक्षेप कशाला आहे? आमचे उत्तर स्पष्ट आहे : आक्षेप मुलीच्या वाचण्याला आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये बायकांना अपायकारक पुस्तकांची यादी आहे. तिच्यात अलिफ लैला आणि अमीर हमजाची दास्तान आहेच, पण डिप्टी नझीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ही आहे. त्या पुस्तकात ना जादू, ना इश्क. दोन बहिणी, एक फूहड आणि एक सुघड, एवढीच गोष्ट. मुलींना शहाणपण यावे म्हणून 1869 साली लिहिलेली आणि सरकारी बक्षीस मिळालेली. आज तीच कादंबरी उर्दूच्या विद्यार्थ्यांना आदराने शिकवली जाते. शंभर वर्षांपूर्वीची भीती आज हसण्यावारी गेली, तरी आपण नवी यादी करायला बसलोच आहोत. इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ 1952 पासून आपल्या मुलांच्या बाकांखाली फिरली. कोणत्या मुलाला त्यासाठी तौबा करायला लावली?

या मालिका थोर साहित्य आहेत असा आमचा दावा नाही. दहावे पुस्तक पहिल्यासारखेच असते. खून झालेल्या माणसासाठी कोणी फारसे रडत नाही आणि संध्याकाळी केक तयार असतो. खऱ्या सेलमचे दुःख यांत गोड होऊन जाते, ही आमचीही तक्रार आहे. पण ही तक्रार वाचून केलेली आहे. मुलींनाही ती करता यावी, यासाठी त्यांना आधी वाचू दिले पाहिजे. ज्या मुलीला आपण आज या पुस्तकावरून गप्प करतो ती उद्या कोणतेच पुस्तक उघडत नाही, उर्दू नाही, मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. नुकसान केवळ वाचनाचे होत नाही. कोणी आमिल तिच्याकडे बोट दाखवून सावली पडली आहे म्हणेल, तेव्हा ‘कशावरून?’ हा एक प्रश्न तिच्या तोंडात असायला हवा. तो प्रश्न आमच्या बी.एड.च्या पुस्तकांपेक्षा या झाडूवाल्या मुली अधिक चांगला शिकवतात.

म्हणून शाळांच्या संचालकांना आणि पालकांना आमची विनंती अशी : जप्त केलेली पुस्तके आधी परत करा. मग ती मुलींकडून मागून घ्या, वाचा आणि त्यांच्याशी भांडा. खुनी कोण हे मात्र त्यांना आधी सांगू नका.