भिंतींना रंग, सुरांच्या गळ्याला नख!

कोलकात्याच्या बडाबाजारात, हमालांच्या आरोळ्या आणि हातगाड्यांचा खडखडाट यांच्या मधोमध, १७२४ सालापासून उभे असलेले आर्मेनियन चर्च पाहून वारसाप्रेमी मंडळी गहिवरतात, छायाचित्रे काढतात आणि पुढल्या इमारतीकडे वळतात. आत जे गायिले जाते ते ऐकण्याची मात्र कोणालाच सवड नाही!

शहा अब्बासाने जुल्फा उजाड करून ज्यांना इस्फहानजवळ नेऊन वसविले, त्या आर्मेनियनांचे वंशज हिंदुस्थानात आले ते केवळ व्यापार घेऊन नव्हे. ‘शराकान’ ही प्राचीन स्तोत्रे, त्यांचे आठ स्वरप्रकार आणि उपासनेत किणकिणणारी, घुंगरे लावलेली धातूची ‘क्षोत्स’ त्यांनी सोबत आणली. ज्या समाजाने मद्रासेत १७९४ साली जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक काढले, मुंबईच्या फोर्टात चर्च बांधले, तो आज मूठभर उरला आहे. आणि त्याची उपासना मुख्यतः परदेशांतून कोलकात्यास शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या गळ्यावर तगून आहे.

अशा उपेक्षेची परिणती काय होते, हे याच संगीताने एकदा भोगले आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांत शब्दांच्या माथ्यावर ‘खाझ’ ही स्वरचिन्हे अद्याप शाबूत आहेत. ती वाचणारी परंपरा तेवढी तुटली. कोमितासांसारख्या प्रकांड पंडिताने त्यांच्या उकलीसाठी वर्षे वेचली, तर ऑटोमन राजवटीने आर्मेनियनांवर चालविलेल्या १९१५ च्या अटकसत्राने त्यांचे कार्यच उधळले. शाई राहिली, सूर गेला.

कोलकात्याच्या एमी आपकार यांनी १८९७ साली आपल्या चर्चमधील चाली पाश्चात्त्य स्वरलिपीत छापल्या. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, ध्वनिमुद्रणाचे यंत्र ज्याच्या-त्याच्या खिशात असताना, आमची कर्तबगारी कोणती? १९०२ साली ग्रामोफोनवर गाणारी गौहरजान आर्मेनियन बापाची लेक होती, असे आम्ही मैफलीत मिरवून सांगतो; व्यासपीठांवरून विविधतेचे गोडवे गातो; आणि ज्या समाजाच्या मतांनी एक वॉर्डही पडत नाही, त्याचा आवाज दरबारी पोहोचू देत नाही. हा शुद्ध दांभिकपणा आहे.

समाजाच्या विश्वस्तांनाही आमचा सवाल आहे: संगमरवराला पैसा निघतो, चालींना का निघू नये?

आकाशवाणीने, संगीत नाटक अकादमीने, विद्यापीठांनी समग्र उपासनाचक्र मुद्रित करावे, आपकारबाईंचा ग्रंथ पुन्हा छापावा, तरुण गायकांना शिष्यवृत्ती द्यावी. एखाद्या सरकारी महोत्सवाच्या मांडवाइतकाही खर्च येणार नाही. ६ जानेवारीला आर्मेनियनांचा नाताळ असतो. यंत्रे घेऊन जा!